जागा नाही

दातवाल्याने आजवर शेकड्यांनी कवळ्या बनवल्या होत्या. त्यातली सगळ्यात जीव ओतून बनवलेली त्याच्या आईची, आणि नेमकी तीच वापरात नव्हती. तीन वेळा माप घेतलं, हिरड्यांचा रंग जुळावा म्हणून दोनदा साचा मोडला, कडा अशा घासल्या की गालावरून फिरवली तरी लागू नये. पण आई दोन दिवस लावायची आणि तिसऱ्या दिवशी म्हणायची, "टोचते रे." मग ती कवळी बेसिनवरच्या पेल्यात पाण्यात बसून राहायची. कामावर जाण्यापूर्वी दाढी करताना रोज तिची आणि त्याची नजरानजर व्हायची.

त्याचं वर्कशॉप घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि हा त्यातून दात घडवून परत पाठवायचा. सगळा बाजार त्याला दातवाला म्हणे, आणि तोही फोन उचलल्यावर "दातवाला बोलतोय" असंच म्हणे. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. मूलबाळ नव्हतं. घरात दिवसभर आई एकटी. शहात्तर वर्षांची, गुडघ्यांनी थकलेली, पण डोक्याने लख्ख.

त्या वर्षी स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मधली भिंत पाणी पिऊन पिऊन फुगली. प्लंबरने तिच्यावर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि डॉक्टरने वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "सगळं उखडावं लागणार. सहा आठवडे धरा."

सहा आठवडे धूळ, आणि आईला दम्याचा त्रास. धाकट्या बहिणीकडे पाठवावं तर ती दुसऱ्या गावात, आणि तिच्या घरी तिचीच सासू अंथरुणाला खिळलेली. शेवटी घरच्या डॉक्टरांनीच सुचवलं, की गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात महिना-दीड महिना राहायची सोय असते, स्वच्छ आहे, नर्स आहे.

वृद्धाश्रम हा शब्द दातवाल्याला उच्चारवेना. शेजाऱ्यांना त्याने सांगितलं, आई नातेवाइकांकडे गेलीय. कुठले नातेवाईक, असं एकीने विचारलंच, तेव्हा त्याने खोकल्याची उबळ आल्याचं सोंग केलं. आईला सोडून आला त्या दिवशी ती पलंगाच्या कडेवर बसली होती. "जा आता, उशीर होईल तुला," ती म्हणाली. परतताना बसमध्ये त्याला वाटत होतं, सगळे प्रवासी आपल्याकडेच बघतायत.

रोज संध्याकाळी काम आटोपून तो तिकडे जायचा. पहिले तीन दिवस आई खोलीतच भेटली. चौथ्या दिवशी खोली रिकामी होती. तो घाबरून नर्सला शोधायला निघाला, आणि जिन्याखालच्या इस्त्रीच्या खोलीतून त्याला हसण्याचा आवाज आला. मोकळा, वर चढत जाणारा, शेवटी ठसका लागणारा. आवाज ओळखीचा होता, पण कुणाचा ते चटकन ध्यानात येईना. दारातून डोकावला तर आई.

खोलीत धुतलेल्या चादरींचा ढीग होता आणि चार बायका लांब टेबलाभोवती बसून घड्या घालत होत्या. आईच्या शेजारी काळा चष्मा घातलेली एक उंच, सडसडीत बाई होती. हातात चादरीचं एक टोक, आणि आईच्या मांडीवर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं.

"उभा नऊ," आई वाचत होती. "नवऱ्याच्या भावाची बायको. दोन अक्षरी."

"जाऊ," काळ्या चष्म्याची बाई म्हणाली. "तीन अक्षरी असतं तर 'भांडण' लिहा म्हटलं असतं."

पुन्हा तोच हसण्याचा लोंढा. आणि हसताना आईच्या तोंडात दात होते. वरचे, खालचे, सगळेच्या सगळे. त्याने स्वतः घासलेले.

दातवाला दारातच थांबला. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो भलताच प्रकार, कुणीतरी चारचौघांत तोंडात मारावी तसा. आई आपल्या घरी अशी का हसली नाही, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि उत्तरही पाठोपाठ आलं: कुणाबरोबर हसणार? सकाळी आपण दोघं धावपळीत बाहेर पडतो. संध्याकाळी येतो तेव्हा तोंडं थकलेली. "काय हवं, आई?" "काही नको." "जेवलीस?" "जेवले." हे एवढंच बोलणं, आणि एवढ्याला दात कशाला लागतात?

काळ्या चष्म्याची बाई म्हणजे टायपिस्टबाई. चाळीस वर्षं एका कचेरीत टंकलेखन केलं, लग्न केलं नाही, आणि आता डोळे जवळपास गेलेले. आई तिला वाचून दाखवायची, आणि ती आईला त्या कचेरीतल्या साहेबांच्या नकला करून दाखवायची. "तुझी आई म्हणजे भलतीच चावट आहे," पहिल्याच भेटीत ती दातवाल्याला म्हणाली. आपल्या आईला कुणी चावट म्हटलेलं तो पन्नास वर्षांत प्रथमच ऐकत होता. आई लाजून चादरीची घडी दुसऱ्यांदा घालू लागली.

पाचव्या आठवड्यात एकदा आईने त्याला बाकावर बसवलं आणि पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "मी इथेच राहिले तर?"

"काहीतरीच काय!" तो हसला. "घर नवं झालंय. तुझ्यासाठी बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत."

"ते चांगलं केलंस. पण मला इथे करमतं रे. तू मॅडमना विचारून तर बघ."

मॅडम म्हणजे आश्रमाच्या व्यवस्थापिका. त्यांना विचारायची वेळच आली नाही, कारण त्यांनीच त्याला ऑफिसात बोलावलं. "तुमच्या आईंनी माझ्याकडे शब्द टाकलाय. टायपिस्टबाईंच्या शेजारची कोपऱ्यातली खोली रिकामी होतेय. बरेच जण मागे लागलेत, पण महिनाअखेरपर्यंत मी ती तुमच्यासाठी राखून ठेवते. घरी बोला आणि कळवा. तोवर मी आईंना काही सांगत नाही, उगाच आशा नको."

घरी तो काहीच बोलला नाही. बायकोला सांगावं, तर ती म्हणेल मी कुठे कमी पडले. बहिणीला सांगावं, तर ती काय म्हणेल हे तिने म्हणण्याआधीच त्याला ऐकू येत होतं. शेजारीपाजारी होतेच. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक गोष्ट होती, तिच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती: आई माझ्या घरी सुखी नाही, हे जगजाहीर होईल.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"जागा नाही," दातवाला म्हणाला. "यादी फार मोठी आहे म्हणे. वर्ष-दोन वर्षं तरी नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला शंका आली असती तर बरं झालं असतं. पण तिला आली नाही. आपला मुलगा खोटं बोलत नाही, हे तिने तो शाळेत असल्यापासून धरून ठेवलेलं होतं. "बरं," ती म्हणाली.

नव्या घरात आईचं स्वागत त्याने जोरात केलं. खिडकीपाशी नवी, उंच पाठीची खुर्ची मांडली. नळ कसा नुसत्या बोटाने फिरतो ते तीनदा फिरवून दाखवलं. आई प्रत्येक गोष्टीला "छान आहे" म्हणाली. पाहुणे म्हणतात तसं. आठवड्याभरात कवळी पुन्हा पेल्यात गेली.

तिला आता दिवसाचा एकच खांब उरला होता. सकाळी अकरा वाजता ती टायपिस्टबाईंना फोन लावायची, आणि फोनवरून शब्दकोडं सोडवलं जायचं. बायकोला सुट्टी असली की ती हे ऐकायची आणि नवऱ्याला सांगायची, "अहो, आई फोनवर किती वेगळ्या बोलतात! आपल्याशी का नाही बोलत तशा?" दातवाला उठून वर्कशॉपला निघून जायचा. सुट्टी असली तरी.

त्याची सवयच होती ती. माडीवर गेलं, रेडिओ लावला, मेणाचा वास नाकात भरला की त्याचे खांदे खाली उतरायचे. पण आता तिथेही चैन पडेना. महिनाअखेर आली तेव्हा मॅडमचा फोन आला. तो म्हणाला, "नको, आईचा विचार बदलला." हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

दोन महिन्यांनी एका सोमवारी अकराचा फोन कुणी उचलला नाही. मंगळवारी नर्सने उचलला. बाईंना छातीत कफ झालाय, झोपून आहेत, बऱ्या झाल्या की त्याच फोन करतील. आई त्याला म्हणाली, "मला घेऊन चल तिकडे."

त्या आठवड्यात तीन डॉक्टरांची कामं एकदम आली होती. "रविवारी नक्की जाऊ," तो म्हणाला. आई "बरं" म्हणाली. रविवारी ते गेले. टायपिस्टबाई शुक्रवारी पहाटेच गेल्या होत्या, आणि मागे कुणी नसल्यामुळे अंत्यविधीही त्याच दिवशी उरकला होता.

नर्सने आईला खोलीत नेलं. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. "शेवटचे दोन दिवस सारखं विचारत होत्या, अकरा वाजले का म्हणून," नर्स म्हणाली. आई पलंगाच्या लोखंडी दांडीवरून हात फिरवत राहिली. दातवाला दारात उभा होता. मॅडम जिन्यावरून येताना दिसल्या. त्या काही बोलतील म्हणून तो पुढे धावला आणि आईला दम लागलाय, आम्ही निघतोच, असं सांगून त्यांना जिन्यातच अडवलं. मैत्रिणीच्या रिकाम्या पलंगापाशी आई उभी, आणि याला पडलीय स्वतःचं बिंग फुटू नये याची! हे त्याचं त्यालाच दिसलं. तरी तो अडवायचा थांबला नाही.

बसमध्ये आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "जागा मिळाली असती तर मी जवळ असते तिच्या."

तो तिकिटाची घडी घालत राहिला.

"तू नको वाईट वाटून घेऊ," आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू विचारलं होतंस. नव्हतीच जागा, त्याला तू तरी काय करणार?"

तो हात त्याला बस थांबेपर्यंत गुडघ्यावर जाणवत होता, आणि पुढचे अकरा दिवससुद्धा. आईने शिव्या दिल्या असत्या तर त्याने झेलल्या असत्या. पण ती त्याचं सांत्वन करत होती! त्याची भूक मेली. बायकोने रक्त तपासून घ्या म्हणून पाठ धरली. आणि बाराव्या दिवशी एका डॉक्टरांनी कवळी परत पाठवली, सोबत चिठ्ठी: "उजवी दाढ डावीकडे बसवली आहे. असं तुमच्याकडून कधी झालं नव्हतं. तब्येत बरी आहे ना?"

त्याने ती कवळी टेबलावर ठेवली, रेडिओ बंद केला आणि भरदिवसा वर्कशॉपला कुलूप लावून घरी आला.

अकराला पाच मिनिटं होती. आई फोनशेजारी बसली होती. कुणाला लावायचा नव्हता तरी. मांडीवर वर्तमानपत्र, पेन्सिल, आणि कोडं कोरं.

"आज लवकर?" तिने विचारलं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आई, जागा होती."

"कसली जागा?"

"तिथे. टायपिस्टबाईंच्या शेजारची खोली. मॅडमनी महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. मी तुला खोटं सांगितलं. त्यांनाही खोटंच सांगितलं, की तुझा विचार बदलला."

आईने पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे मला दोन महिने मिळाले असते," ती म्हणाली. "तिच्याबरोबर."

"हो."

"आणि बसमध्ये मी तुला म्हटलं, तुझा काय दोष. तेव्हा गप्प बसलास."

"हो."

"का केलंस?"

"लोक काय म्हणतील..." त्याने सुरुवात केली, पण तेही पुरतं खरं नव्हतं. "मला लाज वाटली. तू माझ्या घरी कधी अशी हसली नाहीस."

आईने मांडीवरचं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग एकदम म्हणाली, "तुला सगळ्यात बरं कुठे वाटतं?"

"घरीच की."

"आता तरी खोटं बोलू नकोस. वर्कशॉपमध्ये. सुट्टीच्या दिवशीही पळतोस तिथे. तुझी बायको कधी म्हणाली का, की म्हणजे हा माझ्यावर नाराज आहे? मी कधी म्हणाले?" तिचा आवाज चढला. "बापाच्या घरी बापाच्या सोयीने राहिले, सासरी सासूच्या, मग तुमच्या शाळांच्या नि परीक्षांच्या. तक्रार नाही माझी. पण शहात्तराव्या वर्षी एक टेबल सापडलं, जिथे बसलं की मला मजा यायची. तेवढं तुला बघवलं नाही? माझं सुख म्हणजे तुझ्या गळ्यात घालायचं पदक आहे का, की तुझ्याच दारात मिळालं पाहिजे?"

तो मान खाली घालून ऐकत राहिला. बोलून झाल्यावर आई उठली, दांडे धरत धरत बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. नळ सोडला. नळाच्या आवाजाखालून तिचं रडणं त्याला ऐकू येत होतं. दारापर्यंत जायची त्याची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग ती त्याला जे बोलली ते त्याला आईच्या बोलण्यापेक्षाही जास्त लागलं. "मला विचारायचं होतं ना. मी त्यांना स्वतः सोडून आले असते. मी कमी पडले असं वाटेल म्हणून तुम्ही लपवलंत? मला इतकंच ओळखता?"

आश्रमात आता एकच खोली रिकामी होती. कुठली, ते मॅडमनी फोनवर सांगायच्या आधीच तिघांनाही माहीत होतं. आईने एक दिवस विचार केला आणि म्हणाली, "कुणीतरी राहणारच तिथे. मी राहते."

बातमी कळताच धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, आईला घराबाहेर काढलंस? घर नवं केलंस ते यासाठी?" तो रिसीव्हर कानाला धरून उभा राहिला. आपल्याला हे मिळायलाच हवं, असं त्याला वाटत होतं. ते आईला दिसलं. तिने रिसीव्हर त्याच्या हातातून काढून घेतला. "मी माझ्या मर्जीने जातेय. आणि त्याला तू बोलू नकोस. त्याला बोलायचं काम माझं आहे, अजून संपलेलं नाही."

त्याला वाटलं होतं, आई तिथे परत गेली की ते हसणंही परत येईल आणि आपल्या छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. इस्त्रीच्या खोलीतलं टेबल तेच होतं, पण आई टोकाला बसायची आणि मुकाट्याने घड्या घालायची. शेजारची खुर्ची रिकामी. कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त रेल्वे गार्ड आले होते. ते दिवसभर गाड्यांच्या वेळा बडबडत, आणि चुकूनही कुणाचं ऐकत नसत. सुखाची जागा म्हणजे चार भिंती नव्हेत, हे दातवाल्याला तेव्हा कळलं. त्या सहा आठवड्यांत तिथे जे होतं ते संपलं होतं. त्याला आता कितीही माफी मागून ते परत आणता येणार नव्हतं.

तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायचा. आई दोन वाक्यं बोलायची, तब्येतीची आणि हवेची. कधी बायको बरोबर असली की आई तिच्याशी जास्त बोलायची आणि तो खिडकीशी उभा राहायचा. एका भेटीत त्याने विचारलं, "मला माफ केलंस का?"

"नाही," आई म्हणाली. रागाने नाही, दूध तापलं का असं कुणी विचारल्यावर सांगावं, तसं. "करेन तेव्हा सांगेन. दर वेळी विचारू नकोस."

त्यानंतर त्याने विचारलं नाही.

चार महिने गेले. एका शुक्रवारी पाऊस आणि बस दोन्हींनी दगा दिला. तो भिजून तासभर उशिरा पोचला. आई खोलीत नव्हती, इस्त्रीच्या खोलीतही नव्हती. नर्सने मागच्या अंगणातल्या शेडकडे बोट दाखवलं. तिथे आई कुंड्यांच्या मधोमध स्टुलावर बसली होती, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. गार्डसाहेब एक रोप उलटं धरून उभे होते आणि आई त्यांना झापत होती. "तुमच्या गाडीचं इंजीन असं मागच्या बाजूला लावत होता का?" गार्डसाहेब चक्क ऐकत होते.

दातवाला शेडबाहेरच थांबला. पुढे जावं की नाही, ठरेना. आईने मान वर केली आणि त्याला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं नाही, पण मोठंही झालं नाही.

"भिजलायस," ती म्हणाली. "थांब तिथे. मला अजून सहा कुंड्या आहेत."

तो पायरीवर बसला. अर्ध्या तासाने ती आली, हात पुसत, आणि त्याच्या शेजारी टेकली. तिने नखांतली माती काढली. मग ती उठली आणि पहिल्यांदाच त्याला फाटकापर्यंत सोडायला आली, एकेक पाऊल जपून टाकत, त्याच्या कोपराला धरून.

"राग आहे अजून," फाटकाशी ती म्हणाली.

"माहीत आहे."

"जाईल की नाही, सांगता येत नाही. तिची आठवण आली की उफाळतो."

"बरं," दातवाला म्हणाला. तो शब्द तिने त्याला किती वेळा दिला होता, ते त्याला म्हणताना जाणवलं.

"पुढच्या मंगळवारी येऊ नकोस. रोपं आणायला जायचंय आम्हाला." ती वळली, दोन पावलं गेली आणि मागे न बघताच म्हणाली, "शुक्रवारी ये. आणि छत्री घेऊन ये, वेडा कुठला."

ती कुंड्यांकडे परत गेली. तो रस्त्यावर आला, बसथांब्याच्या पत्र्याखाली उभा राहिला. गुन्हा होता तिथेच होता, तसूभरही हलला नव्हता. बस आली. तो चढला आणि खिडकीपाशी बसला.